पोराच्या ताटाचा इतिहास



‘पोरगं नीट जेवतच नाही’ ही तक्रार बेटेगावच्या चाळींत जशी ऐकू येते, तशीच बोईसरच्या नव्या इमारतींतही ऐकू येते. चाळीतली आई ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्याने सांगते, इमारतीतली आई डॉक्टरसाहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसून सांगते, एवढाच काय तो फरक. उत्तरही दोघींना एकच मिळते. पालेभाजी द्या, कडधान्य द्या, अंडे द्या, बाहेरचे देऊ नका. गोडीगुलाबीने सांगा, सवय लावा. उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे. ती अशी की, ताट भरलेले आहे, आई घरात आहे, आणि आता फक्त मुलाचे मन वळवायचे तेवढे उरले आहे. ही धरून चाललेली गोष्ट आपल्या भागात केव्हा खरी होती आणि केव्हा नव्हती, एवढाच आज माझा विषय आहे.

मी आहारशास्त्राचा पंडित नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत, वाचनालयात व गेटसभांत पुष्कळ झाले. पगार, पाळ्या आणि कँटीन यांची मागणीपत्रे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले की, मुलाच्या ताटालाही इतिहास असतो, आणि राजेरजवाड्यांच्या इतिहासासारखा तोही सनावळीने सांगता येतो.

आपल्या बेटेगावाची जागा या इतिहासाच्या दृष्टीने मोठी सोयीची आहे. पश्चिमेस गेले की बोईसर स्टेशन, त्यापलीकडे तारापूरचे कारखाने, अणुवीज केंद्र आणि समुद्र. पूर्वेस गेले की चिल्हारची वाट, महामार्ग, आणि त्याच्याही पलीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगर. एका बाजूला मासळी, दुसऱ्या बाजूला रान, मध्ये भाताची खाचरे. इतके देऊन ठेवलेल्या मुलखात मूल उपाशी का राहावे, असा प्रश्न परक्या माणसाला पडेल. आपल्याला तो पडत नाही, कारण आपण रोज तेच पाहतो.

या मुलखाचे जुने जेवण काय होते ते आधी सांगतो, कारण आजच्या तरुण आयांना त्यातले निम्मे पदार्थ नावानेही ठाऊक नाहीत. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या घरात भात होता, पण तो बारा महिने पुरणारा नव्हता. त्याच्या जोडीला उतारावरची नागली आणि वरई होती. नागलीची भाकर आणि पातळ आंबील यांवर कामाचा दिवस निघे. पहिला पाऊस पडला की शेवळे उगवत. त्यांची खाज मोडायला काकडाची आंबट फळे घालायची, हे पोरांनाही ठाऊक असे. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कोळी भाजी, करटोली. खाचरात मुठे, ओहोळात बारीक मासे. उन्हाळ्यात मोहाची फुले, आणि पुढे मोहाच्या दोड्यांची भाजी. किनाऱ्यावर सातपाटी, दांडी, नांदगाव, तारापूर या बाजूंना ओली मासळी, आणि ती संपली की सुका जवळा, सुकट, बोंबील. आठवडी बाजारात किनाऱ्यावरची मांगेला बाई सुकट घेऊन येई आणि डोंगराकडची वारली बाई रानातला माल घेऊन येई. त्या देवाणघेवाणीत समुद्राचे मीठ आणि चुना डोंगरातल्या पोराच्या हाडांत जाऊन बसत असे.

चुना हा शब्द मी मुद्दाम वापरला. डॉक्टर लोक त्याला कॅल्शियम म्हणतात. शंभर ग्रॅम नागलीत तो सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहा मिलिग्रॅमच्या आसपास. ज्या धान्याला आपण ‘गरिबाचे’ म्हणून नाक मुरडले, त्याच्या पिठाची पाकिटे आज शहरातल्या दुकानांत काचेआड मांडलेली असतात. असो.

पण हे वर्णन ऐकून जुना काळ सोन्याचा होता असे कोणी समजू नये. रान देत होते ते खरे. परंतु माणसाचा दिवस त्याचा स्वतःचा नव्हता. जमीन सावकाराकडे गेलेली, आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे काम सर्वांत जास्त आणि घरातले धान्य सर्वांत कमी अशा महिन्यांत, पोट भरायला सावकाराकडूनच धान्य उसने आणायचे. त्याला खावटी म्हणत. पीक आले की ती वाढीसह फेडायची. फेडून उरेल ते घरचे, आणि ते लवकर संपले की पुन्हा खावटी. लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायकोने लग्नगडी म्हणून राबायचे. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ साली आदिवासी भागांचा जो अहवाल लिहिला, त्यात वेठ आणि कर्ज यांचे हे वर्णन सरकारी शाईने लिहिलेले आहे. तेव्हा कोणी ‘चळवळ्यांची अतिशयोक्ती’ असे म्हणायला जागा नाही.

१९४५ साली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली ही वेठ मोडली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यामध्ये येऊन राहिले होते. वेठबिगार आणि लग्नगडी गेल्यावर मजुरीचा प्रश्न आला, आणि मागणी झाली ती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपयांची. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते वाचावे. मुलांच्या आहाराच्या व्याख्यानात गवताचा संप कशाला, असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे असे की, आपल्या जिल्ह्यात मुलाच्या ताटासाठी झालेले पहिले मोठे आंदोलन तेच. आईच्या हाताला रोख मजुरी आणि स्वतःचा दिवस मिळाल्याखेरीज कोणते धान्य सकस आणि कोणते निकस, ही चर्चा तिच्यापुढे करणे म्हणजे तिची थट्टा होय.

आईचा दिवस हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढणार आहे, म्हणून त्याचा दुसरा पुरावा मुंबईतून आणतो. गिरणगावाशी आपला संबंध जुना आहे. या पट्टीतली कित्येक घरे तिकडच्या पगारावर चालली. १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत मुंबई सरकारने डॉक्टर बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणीत काम करणाऱ्या बायांची पाहणी करविली. त्यांना आढळले की, या कामगार बायांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणून ती बाजारात उघड मिळे. मूल गुंगीत पडून राही, रडत नसे, आणि रडत नसे म्हणून दूध मागत नसे. त्या काळच्या सुशिक्षितांनी यावर आयांच्या अज्ञानाला पुष्कळ बोल लावले. पण ती आई दहा दहा तास साच्यावर उभी, घरी सांभाळायला कोणी नाही, तान्ह्याला गिरणीत आणायची सोय नाही. तिने करावे काय? ज्या गिरण्यांत पाळणाघर निघाले तेथे मुलाला पाजायला मधे सुटता येऊ लागले आणि गोळीची गरज कमी झाली. व्याख्यानांनी जे होत नव्हते ते एका खोलीने आणि पंधरा मिनिटांच्या सुटीने होऊ लागले.

पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यात अठ्ठेचाळिसावे कलम आले. पन्नासांहून अधिक बाया कामावर असतील तेथे पाळणाघर हवे. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला. त्याच कलमात असे होते की, राज्य सरकारने नियम करून अशा मुलांना फुकट दूध किंवा खाणे किंवा दोन्ही देण्याची सक्ती करावी, आणि आयांना ठरावीक वेळाने पाजायला सोडावे. कायद्याच्या पुस्तकात दूध हा शब्द सापडणे ही काही साधी गोष्ट नव्हे. ज्या दिवशी मी तो प्रथम वाचला त्या दिवशी पेन्सिलीने खाली रेघ ओढली. आता तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२० ची संहिता आली आहे, आणि पाळणाघर तिच्यातही आहे. मात्र आमच्या भागात ही दोन्ही पुस्तके कंत्राटदाराच्या हजेरीपटापाशी येऊन थांबतात. एकाच शेडमध्ये तीन कंत्राटदार, प्रत्येकाच्या पटावर थोडी थोडी माणसे. मग पाळणाघर कोणी काढायचे? या प्रश्नावर मी अनेक साहेबांना हसताना पाहिले आहे.

आता शास्त्राकडे वळतो, कारण कोणते अन्न चांगले हे नुसत्या आजीच्या सांगण्यावर ठरत नाही. निलगिरीत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा डॉक्टर १९२० च्या पुढे उंदरांवर प्रयोग करीत होता. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतले लोक जे खातात तेच त्याने उंदरांच्या गटांना खाऊ घातले. उत्तरेकडची गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी खाणारे उंदीर धट्टेकट्टे निघाले. नुसत्या सडलेल्या तांदळावर भर देणारे किरकोळ राहिले. पुढे त्याने इंग्लंडातल्या गरिबांचे खाणे दिले : पांढरा पाव, गोड चहा, मुरंबा, डब्यातले मांस. ते उंदीर वाढले तर नाहीतच, वर इतके चिडके झाले की एकमेकांना खाऊ लागले. सकाळी सात वाजता आमच्या चाळींत मुलाच्या हातात काय असते ते पाहा. चहाचा पेला आणि बिस्किटाचा पुडा. साहेबाच्या देशातले गरिबाचे खाणे आमच्या पोराच्या हाती आले आहे, तेही रंगीत वेष्टनात.

याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत पुढे एक मराठी बाई काम करून आल्या. त्यांचे नाव कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली, शास्त्रविषयात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी नीरेवर संशोधन केले. नीरा म्हणजे ताडा-माडाचा न आंबलेला रस. केळव्यापासून डहाणूपर्यंत ज्याच्या रांगा उभ्या आहेत, त्या ताडाला आम्ही ताडीसाठी बदनाम केले. सूर्योदयापूर्वी उतरविलेला त्याचा रस कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना दिला, तर त्यांची प्रकृती सुधारते, त्यात क जीवनसत्त्व व लोह मिळते, असे कमलाबाईंनी दाखविले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. नीरेत साखरही भरपूर असते, तेव्हा आजच्या भरल्या घरातल्या मुलाला ती पेल्यामागून पेले पाजू नका, एवढे मी येथे सांगून ठेवतो. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, केंब्रिजहून आलेल्या बाईने औषधाची बाटली सोडून आपल्या ताडाकडे पाहिले. आपण ताडाखाली राहून तिकडे पाहिले नव्हते.

तरीसुद्धा मुलाच्या मनाचा प्रश्न उरतोच. ताटात वाढले तरी मूल खाईल कशावरून? येथे मला आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कामाकडे यावे लागते.

१९४५ साली, म्हणजे वारल्यांचा लढा चालू होता त्याच वर्षी, ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते आणि दादरला शिशुविहार चालविला होता. शहरातल्या नीटनेटक्या मुलांची शाळा खेड्यात कशी करायची, हा प्रश्न घेऊन त्या आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले येईनात. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे ताराबाईंनी ठरविले, आणि अंगणवाडी जन्मास आली. पुढे हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली आणि तिचे नाव कुरणशाळा ठेवले. पोराला आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, हा या शिक्षणाचा पहिला धडा होता. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. अनुताई १९९२ पर्यंत त्या टेकडीवर राबत होत्या.

ताराबाईंनी ज्या मॉन्टेसरीबाईंचा मार्ग घेतला, त्यांच्या रोममधल्या बालगृहाची हकीकत पाहण्यासारखी आहे. १९०७ साली सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत ते निघाले. तेथे तीन-चार वर्षांची मुले स्वतः टेबल मांडीत, स्वतः सार वाढीत आणि मग जेवायला बसत. मुलाला भरविण्याऐवजी त्याच्या हाती पळी दिली होती. आपल्याकडे पंगतीत मीठ वाढण्याचे काम लहान पोराला देतात, आणि ते पोर त्या दिवशी कुरकुर न करता सगळे जेवते, हे पाहिलेले नाही असा कोण आहे? वाढणारे मूल खाते. रडत बसलेल्याला चार जणी मिळून भरवू लागल्या की ते तोंड मिटून घेते.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीणबाईने १९२६ च्या पुढे काही वर्षे असा प्रयोग केला की, दूध सुटलेल्या पंधरा मुलांसमोर रोज निरनिराळे साधे पदार्थ मांडायचे. यादी सगळी मिळून चौतीस पदार्थांची. धान्ये, भाज्या, फळे, मांस, अंडी, दूध. कोणी आग्रह करायचा नाही, कोणी नको म्हणायचे नाही. मुलांनी मनमानी केली. एखादे नुसती अंडीच खात सुटे, एखादे केळीच. परंतु महिन्यांचा हिशेब धरला तर सगळी मुले उत्तम वाढली. यावरून पुष्कळांनी असा अर्थ काढला की मुलाला हवे ते खाऊ द्यावे, निसर्ग पाहून घेईल. पण बाईंनीच १९३९ साली स्पष्ट सांगितले की खुबी पदार्थांच्या यादीत आहे. त्या चौतिसांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद वस्तू नव्हती. मुलाला निवडीचे स्वातंत्र्य दिले, मात्र निवडण्यासारखे ते मोठ्यांनी समोर ठेवले. आमच्या नाक्यावरच्या दुकानात बरोबर याच्या उलट घडते. तेथे निवड पुष्कळ, पण दोरीला लटकलेल्या सगळ्या पाकिटांत तेच मीठ, तेच तेल, तोच मैदा. त्यात पोराने कोणतेही निवडले तरी त्याचा दोष काय?

मुलांना शाळेत जेवण घालण्याची कल्पनाही मजुरांच्या चळवळीतूनच पुढे आली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडात ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. मार्गारेट मॅकमिलन आणि तेथले मजूर पक्षाचे लोक यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १९०६ साली मजूर पक्षाचे सभासद पार्लमेंटात निवडून आल्यावर त्याच वर्षी शालेय जेवणाचा कायदा झाला. १९०७ साली ब्रॅडफर्डला मुलांना वजन करून जेवू घातले. टेबलावर स्वच्छ कापड घातले, फुले ठेवली, वाढायला मोठ्या मुली नेमल्या. वजने वाढली. सुटी लागली, जेवण थांबले, वजने उतरली. इतका सरळ पुरावा कामगार न्यायालयातही क्वचित पाहायला मिळतो. आपल्या देशात मद्रास नगरपालिकेने १९२० च्या सुमारास सुरुवात केली. १९५६ साली कामराजांनी ती राज्यभर नेली आणि १९८२ साली रामचंद्रन यांनी वाढविली.

महाराष्ट्र मागे राहिला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली, तिची चव आमच्या पिढीच्या जिभेवर आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. बोर्डीच्या किनाऱ्यावरचा शब्द सगळ्या देशाने उचलला. आणि त्याच बोर्डीच्या तेव्हाच्या जिल्ह्यात, जव्हारकडील वावर-वांगणी येथे, १९९२-९३ साली मुले कुपोषणाने मेली. शब्द येथला, मरणेही येथलीच. तेव्हा मुंबईहून मोटारी आल्या, छायाचित्रे निघाली, योजना निघाल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या मागेही हा डोंगरी भाग ठाण्यापासून दूर पडतो हेच कारण होते.

१५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. तो घरी जाई आणि घरच्या हंडीत पडे. हंडीत पडलेला तांदूळ सगळ्यांचा, त्यात पोराचा वाटा कोणता हे कोण सांगणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, कोरडे धान्य पुरे, शिजवून द्या. रोज निदान तीनशे उष्मांक आणि आठ ते बारा ग्रॅम प्रथिने, वर्षातले निदान दोनशे दिवस. मग आपल्या शाळांत खिचडी शिजू लागली. तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. कधी पाणचट, कधी करपलेली, हे सगळे खरे. पण ती गरम असते, आणि सगळ्या जातींची पोरे एका रांगेत बसून ती खातात. शेजारचा खातो म्हणून हाही खातो. घरी आई एकटी जे करू शकत नाही ते रांग करते. नको असलेली भाजी मुलासमोर एकदा ठेवून भागत नाही. आठ-दहा-पंधरा वेळा, जबरदस्ती न करता, समोर यावी लागते, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. गरीब आई पंधरा वेळा टाकून द्यायला भाजी कोठून आणणार? ती पहिल्या नकारालाच शहाणी होते आणि पोर खाईल तेच करते. शाळेची हंडी मात्र पंधरा वेळा येऊ शकते.

ही हंडी शिजविणाऱ्या बाईविषयी दोन शब्द न बोललो तर मी युनियनचा माणूस कसला? केंद्राने तिचे मानधन २००९ साली महिन्याला एक हजार रुपये ठरविले, तेही वर्षातले दहा महिने. राज्यांनी आपापली भर घातली. तिला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. ती कामगार नव्हे, मदतनीस. अंगणवाडीच्या बाईलाही तसेच. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरवायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. पोराला प्रेमाने खाऊ घाला असे आपण जिला सांगतो, तिच्या स्वतःच्या पोराच्या ताटात काय पडते?

आता अगदी अलीकडचे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरविले. जे खात नाहीत त्यांना केळे किंवा फळ. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, भेसळ करता येत नाही, कवचात बंद येते, आणि पोरे ते आवडीने खातात. मनधरणीचा प्रश्नच नाही. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी सरकारी पैसा मिळणार नाही असा आदेश निघाला. द्यायचे असेल तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, येथला चिकू लांब लांब जातो. आणि त्याच चिकूच्या वाडीत मजुरी करणाऱ्यांच्या पोरांना आठवड्याचे एक अंडे सरकारला जड झाले. धर्माच्या नावाने अंड्याला विरोध करणाऱ्यांविषयी मी एवढेच म्हणेन की, ज्याला नको त्याला केळे होतेच.

आमच्या बेटेगावच्या बाजूला आज जी वस्ती आहे तिच्यात येथले आदिवासी आहेत, घाटावरचे आहेत, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले आहेत. एका खोलीत बापाची रात्रपाळी, आईची पहिली पाळी. एकदा सभेत आहाराचे बोलणे चालले असता एक बाई उठून म्हणाली, “दादा, पोर भाजी खात नाही हे खरं. पण भाजी आणायला मी सुटते कधी? सुटते तवा बाजार उठलेला असतो, अन् पोरानं दहाची नोट दुकानात कवाच मोडलेली असते.” सभा हसली. मी मात्र ते वाक्य वहीत उतरून घेतले. त्या दहाच्या नोटेत मुलाचा हट्ट नाही. घरात कोणी नसल्याची ती भरपाई आहे, आणि पाकीट करणाऱ्याला ते आपल्यापेक्षा चांगले कळते.

तेव्हा वर्गणीचे अंडे सुरू करायचे तर कोठे सुरू करायचे, हे सांगून थांबतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. हंडीत काय शिजते ते पाहण्याचे कामही याच समितीचे. पण तिच्या सभा पुष्कळ ठिकाणी सकाळी अकराला लागतात, जेव्हा पहिल्या पाळीचे आईबाप यंत्रावर उभे असतात. मग सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. बेटेगाव आणि बोईसरच्या शाळांतील शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे की, येत्या जूनची पहिली सभा पाळी सुटल्यावर, दुपारी साडेचारला ठेवावी, आणि विषयपत्रिकेत पहिला विषय अंड्याचा घालावा. खिचडी करणाऱ्या बाईलाही त्या सभेस बोलवावे. आमच्या युनियनच्या सभासदांना मी तसे कळविले आहे, ते येतील.